सहा पावलांवरची हाक

एल पासो, ४ मार्च १९९६

प्रिय तिया ओर्तेन्सिया,

बाबा असते तर हे त्यांना विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीला, तुम्हाला, विचारते. शिवाय आपल्या घरात कॉलेजात गेलेल्या तुम्ही एकट्याच.

लाँड्रीत नवा नियम लागला आहे. गेल्या सोमवारी मिस्टर प्रुइटनी आमची सगळी पाळी उभी करून कागद वाटला. आवारात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत फक्त इंग्रजी बोलायचं, स्पॅनिश अजिबात नाही. यंत्रावर तर बोलायचंच, पण जेवणाच्या खोलीत, संडासात, भिंतीवरच्या फोनवरून घरी बोलतानासुद्धा. कारण दिलं आहे सुरक्षिततेचं. सगळ्यांची एकच भाषा असली की अपघात होत नाहीत म्हणे. नियम मोडला की पिवळी चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की नोकरी गेली. महिनाअखेरपर्यंत खाली सही करून द्यायची आहे.

माझं काही अडत नाही. मी इथेच जन्मले, इथेच शिकले. पण आमच्यातल्या निम्म्या जणींना इंग्रजी म्हणजे ‘येस’, ‘नो’ आणि ‘लंच’ एवढंच येतं. दोन्या आंपारोंचं तर बघवत नाही. त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, एकोणीस वर्षं त्याच इस्त्रीच्या यंत्रावर. मला चादर धरायला त्यांनीच शिकवलं. जेवणाच्या खोलीत गोष्टी सांगून हसवणारी ही बाई आता भिंतीकडे तोंड करून बीन्स खाते आणि डबा धुऊन उठते.

एक जण म्हणते, याविरुद्ध कायदा आहे, सरकारी कचेरी आहे. सही करू की नको?

तुमची,
नेलिदा


किंग्जव्हिल, १३ मार्च १९९६

नेलिदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा वाचून त्यात तक्रार किती आणि माहिती किती हे कळेना.

सही कर. दोन मुलांच्या आईने नोकरी सांभाळावी.

कायद्याचं म्हणशील तर वाचनालयात जाऊन पाहून आले. कचेरीचं म्हणणं असं की कामाला खरंच गरज असेल तेवढ्यापुरता असा नियम चालतो, पण जेवणाच्या सुट्टीतही लावला तर तो भेदभाव धरला जाईल. आपल्याकडच्या कोर्टाने मात्र एका जुन्या खटल्यात म्हटलं आहे की ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने इंग्रजी बोलावं, त्यात त्याचं बिघडतं काय. कचेरी एक म्हणते, कोर्ट दुसरं. या दोघांच्या भांडणात लाँड्रीतल्या बाईने पडू नये.

मी एकतीस वर्षं तिसरीला शिकवलं. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलणाऱ्याला शिक्षा, हा नियम मी केला नव्हता, पण मी तो पाळायला लावला. तेव्हा रडलेली मुलं आज बँकेत आणि नगरपालिकेत बसली आहेत. मला रस्त्यात भेटली तर टोपी काढतात. तुझ्या त्या बाईला एकोणीस वर्षांत चार वाक्यं शिकता आली नाहीत, हा प्रुइटचा दोष नव्हे.

ओर्तेन्सिया


एल पासो, २८ एप्रिल १९९६

प्रिय तिया,

सही केली. माझ्या नावावर दोन चिठ्ठ्या झाल्यासुद्धा. दोन्ही एकाच शब्दाच्या.

पाळीवर देखरेखीला मॅगी आहे, मॅगी कान्तू, आपल्यातलीच. पहिल्या वेळी मी यंत्राच्या आवाजातून ओरडून सांगितलं, “दोन्या आंपारो, चादरींची गाडी रिकामी झाली.” गाडीचं सगळं इंग्रजीत सांगितलं होतं, फक्त नाव असं घेतलं. मॅगीने खाली बघत चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. म्हणाली, “मी नाही लिहिली तर माझी लिहितील गं.” दुसऱ्या वेळी तर मी फक्त हाक मारली होती.

मी मिस्टर प्रुइटकडे गेले. सांगितलं की हे स्पॅनिश बोलणं नव्हे, हे नावच आहे. मोठ्या बाईच्या नावाआधी ते लावतात, त्याशिवाय नाव घेणं म्हणजे तिला अरेतुरे करणं. ते म्हणाले, “नेली, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मीसुद्धा तिला अँपी म्हणतो.” म्हणतात खरे. त्या एकदाही वळून बघत नाहीत. मिस्टर प्रुइटना वाटतं की त्यांना कमी ऐकू येतं. कानाची तपासणी करून घ्या म्हणून कागद दिला आहे.

नवीन लागलेल्या एका पोरीने चिठ्ठीच्या भीतीने त्यांना नुसतं ‘आंपारो’ म्हटलं. दोन्या आंपारोंनी चादर खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि परत उचलली. आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. तशा कुणाशीच बोलत नाहीत आता, पण हे न बोलणं वेगळं होतं, सगळ्यांना कळलं.

तिया, माझ्या तोंडून ते नाव नुसतं निघणार नाही. मी काय करू?

नेलिदा


किंग्जव्हिल, ६ मे १९९६

नेलिदा,

एवढ्याशा गोष्टीला चार पानं. इंग्रजीत आदर दाखवता येत नाही असं तुला कुणी सांगितलं? आडनाव काय त्यांचं? आडनावाआधी ‘मिसेस’ लाव. नियमही पाळला जाईल आणि मानही राहील. मला एकतीस वर्षं सगळ्यांनी ‘मिस’ म्हटलं, माझा मान कमी झाला नाही.

तिसरी चिठ्ठी होऊ देऊ नकोस.

ओर्तेन्सिया


एल पासो, २ जून १९९६

प्रिय तिया,

तुमचा उपाय करून पाहिला. आडनाव साल्सिदो. मी तीन दिवस ‘मिसेस साल्सिदो’ म्हणत होते. त्यांनी बघितलंच नाही. त्यांचं लग्न झालेलं नाही आणि त्यांना या नावाने आजवर कुणी हाक मारलेली नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, तुम्हालाच म्हणते मी. गेटाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, मला वाटलं माझ्या आईला शोधतेस. ती वारली की.” पुष्कळ दिवसांनी हसल्या.

आता मी त्यांना हाकच मारत नाही. काही सांगायचं असेल तर गाड्यांना वळसा घालून जवळ जाते आणि हाताने दाखवते. सगळ्याच जणी असं करतात. दिवसभर नुसती यंत्रं बोलतात. घरी आले की मुलांशीही बोलावंसं वाटत नाही, जीभ जड होते.

नेलिदा


एल पासो, ९ ऑगस्ट १९९६

प्रिय तिया,

लिहायला उशीर झाला. २३ जुलैला दोन्या आंपारोंचा हात यंत्रात गेला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, बाकीचा तळहात भाजला आहे. चादरीचा एक काठ फाटून त्याची लांब पट्टी सुटली होती. ती मनगटाला गुंडाळली गेली आणि चादर रुळाखाली ओढली जाऊ लागली तसा हातही गेला. यंत्र थांबवायची लाल दांडी त्यांच्यासमोरच असते. डाव्या हाताने आपटली असती तर थांबलं असतं.

मी सहा पावलांवर होते, मध्ये ओल्या चादरींच्या दोन गाड्या. मी हाक मारली, पण यंत्रांच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही.

कंपनी म्हणते, बाईचं लक्ष नव्हतं. इस्पितळाचा खर्च देणार आहेत. कामावर परत घेणार नाहीत. त्यांच्या कानाच्या तपासणीचा कागदही फाइलमध्ये लावला आहे.

एका बाईने त्यांना त्या सरकारी कचेरीत नेलं. दोन्या आंपारोंनी नियमाविरुद्ध तक्रार दिली आहे. कचेरीतल्या बाईंनी मला बोलावलं आहे, कारण मी सगळ्यांत जवळ होते.

नेलिदा


किंग्जव्हिल, १६ ऑगस्ट १९९६

नेलिदा,

वाईट झालं. त्यांच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, तुझ्या नावाचीही एक.

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे नीट वाचलं. चादरीची पट्टी, दांडीचा रंग, गाड्या किती, पावलं किती, सगळं आहे. तू कुठल्या शब्दाने हाक मारलीस ते नाही. ‘दोन्या’ म्हटलं असतंस तर तिसरी चिठ्ठी झाली असती आणि तू मला आधी तेच कळवलं असतंस. ‘मिसेस’ म्हटलं असतंस तर मला तसं ऐकवलं असतंस.

एकतीस वर्षं मी मुलांची उत्तरं तपासली. काय लिहिलेलं नाही ते मला आधी दिसतं.

ओर्तेन्सिया


एल पासो, ३० ऑगस्ट १९९६

तिया,

मी हाक मारली नाही.

ती पट्टी मनगटाला लागताना मला दिसली. मी तोंड उघडलं. ‘दोन्या’ जिभेवर आलं आणि ते मी गिळलं. मॅगी माझ्या मागेच उभी होती. माझ्या दोन चिठ्ठ्या झाल्या होत्या. मग मी तुमचा तो दुसरा शब्द शोधायला लागले. तो सापडेपर्यंत त्या किंचाळल्या.

अख्खं वाक्य नको होतं. एक शब्द पुरला असता. नुसतं ओरडले असते तरी चाललं असतं. तेवढंही मला सुचलं नाही, कारण चार महिने मी तिथे तोंड उघडायच्या आधी काय बाहेर येणार ते तपासत होते. त्याची सवय झाली होती.

कचेरीत मी जाऊन आले. तिथल्या बाईंना म्हटलं की मी पाठमोरी होते. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, विचार करून या.

खरं सांगितलं तर दोन्या आंपारोंची बाजू भक्कम होईल, एवढं मला कळतं. कंपनी म्हणते नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि माझ्या तोंडून नेमकं उलटं सिद्ध होतं. पण मग ते त्यांना कळणार. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते, त्यांच्या केसांची वेणी घालते, कारण त्यांना एका हाताने जमत नाही. त्या मला म्हणतात, “तू होतीस म्हणून वाचले.” मी यंत्र बंद केलं ना, नंतर.

मला हे जमणार नाही.

नेलिदा


किंग्जव्हिल, ९ सप्टेंबर १९९६

नेलिदा,

जमेल.

आधी दोन्या आंपारोंना सांग, मग कचेरीत. हा क्रम बदलू नकोस. त्यांना हे कागदातून कळता कामा नये.

दुसरं. माझी मार्च आणि मे महिन्याची पत्रं तुझ्याकडे असतील. ती कचेरीतल्या बाईंना दे. तू नियम मोडायला निघाली नव्हतीस, पाळायला धडपडत होतीस, हे त्यावरून दिसेल. तो शब्द तुला कुणी सुचवला तेही दिसेल. त्यात दोन्या आंपारोंबद्दल मी लिहिलेलं एक वाक्य आहे. ते खोडू नकोस. लोकांनी वाचावं.

माझ्या वर्गातली मुलं गप्प बसायची. मी त्याला शिस्त म्हणत असे. शाळा तपासायला येणारे साहेब माझ्या वर्गाचं कौतुक करायचे. गेले आठ दिवस मी त्या गप्प बसण्याचा विचार करते आहे. याबद्दल एवढंच लिहिते, अधिक लिहिण्याची ताकद नाही.

ओर्तेन्सिया


एल पासो, ७ ऑक्टोबर १९९६

प्रिय तिया,

सांगितलं. वेणी घालता घालता सांगितलं, म्हणजे त्यांचा चेहरा समोर नव्हता.

मला वाटलं, आता त्या उठायला सांगणार. मग म्हणाल्या, “वेणी पुरी कर.” पुरी केली. रबर लावलं. तेव्हा म्हणाल्या:

“मला ठाऊक आहे पोरी. मी तुझ्याकडेच बघत होते.”

तिया, माझं तोंड उघडलेलं त्यांना दिसलं होतं. इतक्या दिवसांत कुणी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं नव्हतं. त्यांना वाटलं मी काहीतरी सांगणार, म्हणून त्या हाताकडे न बघता माझ्याकडे बघत थांबल्या. मी तिथे नसते तर त्यांची नजर चादरीवर असती आणि पट्टी त्यांना दिसली असती.

हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. भाजी महागली असं सांगावं तसं सांगितलं. मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, मी इकडे बघत होते हे मात्र कचेरीत सांगू नकोस. कंपनीला तेच हवं आहे. बाईचं लक्ष कामावर नव्हतं, असं तिचीच माणसं म्हणतात असं होईल.

मी जबानी दिली. माझ्या गप्प बसण्याचं सगळं सांगितलं, तुमची पत्रंही दिली. त्यांच्या बघण्याचं सांगितलं नाही. पण फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून प्रश्न विचारणार आहेत. तिथे कंपनीचा वकील असेल. त्याने विचारलं तर?

जबानी दिल्यापासून मिस्टर प्रुइटनी मला मळक्या कपड्यांच्या बाजूला टाकलं आहे. साक्षीदाराला काढून टाकता येत नाही म्हणून.

नेलिदा


किंग्जव्हिल, १८ ऑक्टोबर १९९६

नेलिदा,

कुणी विचारलेलं नसेल ते आपण होऊन सांगणं तुझं काम नाही. विचारलेल्याचं खोटं उत्तर देणं हेही नाही. दोन्या आंपारोंना आत्ताच सांगून ठेव की विचारलं तर तू खरं सांगशील. त्या चिडतील, चिडू देत.

आणखी एक लक्षात ठेव. अर्धं उत्तर देऊन थांबणारी मुलं नापास होतात. कुठे बघत होत्या हे सांगितलंस तर का बघत होत्या तेही सांग. वकील तुला मध्येच थांबवेल. थांबू नकोस.

मळके कपडे उचलताना हातमोजे घाल. इस्पितळांच्या चादरींत सुया असतात.

तुझी तिया,
ओर्तेन्सिया


एल पासो, २१ फेब्रुवारी १९९७

प्रिय तिया,

काल झालं. सकाळी नऊला बसलो ते अडीचपर्यंत. टेबलाच्या एका बाजूला मिस्टर प्रुइट आणि वकील, दुसऱ्या बाजूला मी. टोकाला दोन्या आंपारो आणि त्यांच्या कानाशी सगळं हळूहळू स्पॅनिशमध्ये सांगणारा दुभाषा. कचेरीतल्या बाई मधोमध.

मिस्टर प्रुइट आधी बोलले. नियम सर्वांच्या भल्यासाठी होता, या बाईंना कमी ऐकू येतं हे आपण आधीच लेखी नोंदवलं होतं, कुणी कितीही ओरडलं असतं तरी उपयोग झाला नसता. वाईट मनाने बोलले असं नाही. त्यांना खरंच तसं वाटतं.

मग वकिलाने मला विचारलं, हात आत जाण्याआधी त्या कुठे बघत होत्या. मला वाटलं होतं हा शेवटी विचारेल. त्याने पहिलाच हा विचारला.

मी दोन्या आंपारोंकडे बघितलं नाही. म्हटलं, “माझ्याकडे.”

त्याला बरं वाटलेलं दिसलं. म्हणजे यंत्राकडे नाही, म्हणाला, आणि पान उलटलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी थांबले नाही. म्हटलं, मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं होतं, ती ऐकायला त्या थांबल्या होत्या. तो म्हणाला, हे विचारलेलं नाही. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, मी विचारते. कशी हाक मारणार होतात?

मी नुसतं सांगायला गेले, पण ते हळू आवाजात निघेना. ती हाक त्या जागेवरून, यंत्रांच्या आवाजातून मारायची होती, ती तशीच निघाली. सहा पावलं अंतर असल्यासारखी मी हाक मारली.

“दोन्या आंपारो.”

दुभाष्याने तोंड उघडायच्या आत त्या वळल्या. मान झटकन माझ्याकडे आली आणि उजवा हात टेबलावरून उचलून त्यांनी छातीशी घेतला.

“काय गं पोरी?” म्हणाल्या.

मिस्टर प्रुइट त्यांच्या हाताकडे बघत होते. दोन्या आंपारोंना मग आपण काय केलं ते कळलं. त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि हात हळूच टेबलावर परत ठेवला, तीन बोटं आणि दोन खुंट. बाईंनी लिहून घेतलं, पुष्कळ वेळ लिहीत होत्या. वकील म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत.

निकालाला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तो आमच्या बाजूने लागला तरी कोर्ट वेगळं म्हणू शकतं, हे तुम्हीच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. जेवणाच्या खोलीत लावलेला नियमाचा कागद मात्र गेल्या आठवड्यातच कुणीतरी काढून नेला. भिंतीवर चौकोन राहिला आहे. बायका अजून गप्पच जेवतात.

परतताना आम्ही दोघी बसमध्ये शेजारी बसलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि हव्या त्या भाषेत बोलायला कुणाची हरकत नव्हती. दोघीही थकलो होतो. त्यांचा थांबा आला तेव्हा सवयीने त्यांचा उजवा हात घंटीच्या दोरीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. मी ओढली.

तुमची,
नेलिदा